आभाळातला अंगठा

१

नाणं कधी पुसायचं नाही. संग्राहक मंडळात नवा सभासद आला रे आला, की डॉक्टर त्याला बाजूला घेऊन हे सांगायचे. पुसलेलं नाणं म्हणजे मेलेलं नाणं, त्याची कातडीच जाते, वगैरे वगैरे. सांगताना बोट असं काही हलवायचे, की समोरचा माणूस खिशातला रुमालसुद्धा आणखी आत ढकलायचा. मंडळातल्या वात्रटांनी त्यांचं नाव ‘पुसूनका’ ठेवलं होतं. डॉक्टरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

डॉक्टर दातांचे. उभा जन्म लोकांच्या दातांवरचे डाग काढण्यात गेला. दवाखाना बंद केल्यावर हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून नाण्यांकडे वळले, आणि त्यातही एकाच गोष्टीच्या नादी लागले: माणूस आभाळ सोडून वर गेला, त्याची नाणी. अग्निबाणाची, उपग्रहाची, अंतराळस्थानकाची, बिचाऱ्या कुत्रीला वर धाडलं तिचीसुद्धा. ही नाणी वापरायची नसतातच, मिरवायची असतात. चांदीची पाटी आरशासारखी घोटलेली असते, तेच काळं आभाळ. त्यावर उठावाचं चित्र दुधाळ पांढरं. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या गोल डबीत बंद. डबी उघडायची नाही, हा पुसूनकांचा दुसरा नियम.

त्या वर्षी मंडळाचं प्रदर्शन ग्रंथालयाच्या वरच्या दालनात ठरलं. ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाईंकडे या विषयातलं एकच नाणं होतं, पण नेमकं तेच डॉक्टरांकडे नव्हतं. चंद्राच्या मातीत उमटलेलं पाऊल, आणि वर नुसतं काळं आभाळ. डॉक्टर कितीतरी दिवस त्यांच्या मागे लागले होते. शेवटी बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेली डबी काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातावर ठेवली.

“जसं आहे तसंच राहू द्या हं, डॉक्टर.”

“बाई, हे तुम्ही मला सांगताय?” डॉक्टर हसले.

२

घरी येऊन त्यांनी भिंग लावलं, आणि जीव हळहळला. आभाळाच्या मधोमध तपकिरी डाग होता. कुणीतरी डबी उघडून उघड्या चांदीवर अंगठा टेकवला होता. हाताचा घाम चांदीला लागला की डाग आधी दिसत नाही, मग वर्षानुवर्षं मुरत जातो. रेघा गोल गोल फिरत मध्ये मिटल्या होत्या, लहानसं चक्र.

डॉक्टरांनी ते नाणं आपल्या नाण्यांच्या रांगेत ठेवून पाहिलं. हसऱ्या तोंडात एक किडका दात असावा तसं दिसत होतं. उद्घाटनाला पाहुणे येणार, रांगेपुढे थांबणार, आणि त्यांची नजर त्या डागावर जाणार. आता खरं सांगायचं तर बाईंना बरं वाटेल वगैरे विचार नंतरचा. आधी आली ती स्वतःची लाज. आपल्या रांगेत डाग?

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यांनी डबी उघडली. चांदी उजळायच्या द्रावणात नाणं बुडवलं. डाग फिकटला पण हटेना, तेव्हा दवाखान्यातल्या जुन्या डब्यातून कवळ्या चमकवायची पेस्ट काढली, मऊ कापड घेतलं, आणि सवयीच्या हाताने गोल गोल घासलं. चक्र गेलं. आभाळ लख्ख झालं. उजेडात तिरकं धरलं की मात्र त्यावर बारीक ओरखड्यांचं धुकं दिसे. डॉक्टरांनी ठरवलं, दिव्याचा झोत थोडा बाजूला घेऊ, म्हणजे कुणाला कळणार नाही.

नाणं डबीत घालताना त्यांनी उगाचच दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

३

सकाळचा चहा झाला की डॉक्टर खिडकीपाशी बसून नाणी बघत. दुसऱ्या दिवशी तसेच बसले, आणि कुत्रीच्या नाण्याशी थबकले. तिच्या कानाच्या वर, आभाळात, तपकिरी डाग होता. भिंगाखाली चक्र दिसलं.

डबी बंद होती. ती त्यांनी कधीच उघडली नव्हती. डॉक्टरांनी स्वतःची समजूत घातली. टांकसाळीत कुणाचा तरी हात लागतो आणि पुढे केव्हातरी डाग वर येतो, असं होतं, आपण वाचलंय. पण हा अंगठा इवलासा होता. टांकसाळीत पोरं थोडीच कामाला ठेवतात!

पोरं म्हटल्यावर त्यांना नात आठवली. मुलगा नोकरीनिमित्त परगावी, त्यामुळे घरात डॉक्टर, सून आणि ही नात. पायाला चाक लावून जन्मलेली, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. डॉक्टरांनी तिला हाक मारली.

“माझ्या नाण्यांना हात लावलास?”

“डब्या उघडतच नाहीत मुळी,” भिंगरी कुरकुरली. म्हणजे उघडून बघण्याचा प्रयत्न झालेला होता. त्यांनी तिचा अंगठा भिंगाखाली धरला. रेघा एका बाजूने येऊन वळून परत गेलेल्या. शंख. चक्र नव्हे.

मग अग्निबाणाच्या नाण्यावर डाग आला. मग उपग्रहाच्या. नेहमी आभाळातच, चित्राला कधी धक्का नाही. डॉक्टरांनी खोलीतली हवा, प्लास्टिकचा वास, कपाटाचं लाकूड, सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला. एका दुपारी ते पाठमोरे बसले असताना मागे टिक्‌ असा आवाज झाला. नखाने प्लास्टिक टिचकवल्यासारखा. पुन्हा टिक्‌. ते वळले. अंतराळस्थानकाच्या डबीत, काळ्या आभाळावर, ओला ठसा होता. आरशावर टाकलेला श्वास विरतो तसा तो कडांनी आक्रसत होता.

आवाज डबीच्या आतून आला होता, एवढं मात्र त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

४

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला.

“डॉक्टर, उद्घाटनाला काही मी वर दालनात येत नाही. शेवटच्या दिवशी येईन आणि नाणं घेऊनच जाईन. सगळ्यांसमोर मला रडूबिडू आलं तर फजिती.”

“रडू? ते कशाला?”

“मी तुम्हाला सांगितलंच नाही ना. त्या आभाळावर माझ्या मुलीचा अंगठा आहे.”

डॉक्टर उभे होते ते खाली बसले.

“आजारी होती हो. अंथरुणातून उठता यायचं नाही. माझ्या भावाने ते नाणं तिला आणून दिलं. मी पाणी आणायला गेले तेवढ्यात हिने डबी उघडली आणि अंगठा दाबला. वर मलाच म्हणते, ‘आई, माझा हात आभाळाला लागला.’ त्यानंतर फार दिवस नाही राहिली. घरातलं बाकी सगळं पुसलं गेलं. आपण पुसतोच ना रोज. काचा, कपाटं, पाण्याचे पेले. कळतच नाही आपण काय पुसतोय. तेवढं एक राहिलंय. नीट आहे ना?”

“आहे ना,” डॉक्टर म्हणाले. “तसंच आहे.”

फोन ठेवल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय केलं हे कळायला त्यांना भिंग लागलं नाही. बाईंना आत्ताच्या आत्ता सांगून टाकावं, पाय धरावेत, असं मनात आलं. फोन हातात घेतला आणि ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. पुसूनकांनीच पुसलं, ही गोष्ट मंडळभर होईल, हा विचार त्या दुःखाच्याही पुढे जाऊन उभा राहिला. आणि याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

मग एक खुळी आशा सुचली. ठसा सगळीकडे येतोय, तर स्वतःच्या जागी का येणार नाही? त्यांनी बाईंचं नाणं उघडं करून रांगेच्या मधोमध ठेवलं.

“ये ना गं,” ते म्हणाले. आपला आवाज ऐकून त्यांचे कान तापले. “इथे ये. इथे तुझी जागा आहे.”

दुसऱ्या दिवसापर्यंत आजूबाजूच्या प्रत्येक आभाळात ते चक्र उमटलं होतं. फक्त तिथेच नव्हतं. कातडीच नव्हती, तर कुठे उमटणार!

५

सून ऑफिसला गेली होती. भिंगरी जेवून लोळत होती. डॉक्टरांनी तिला मांडीवर घेतलं.

“आभाळाला हात लावायचा?”

“खरंच? पुसू नका, उघडू नका म्हणता ना?”

“आज लावायचा.”

त्यांनी तिचा अंगठा स्वतःच्या कपाळावरून फिरवला, म्हणजे त्याला थोडं तेल लागावं. मग नाण्यावर टेकवला आणि वरून आपल्या अंगठ्याने दाबला. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावणारे ते हात.

“गार आहे,” भिंगरी म्हणाली. “आजोबा, पुरे. ओढतंय.”

त्यांनी लगेच हात काढला. ओढतंय म्हणजे काय, हे विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

ताजा ठसा जुना करायची एक लबाडी असते. उकडलेलं अंडं चिरून नाण्याशेजारी झाकून ठेवायचं, त्याच्या वाफेने चांदी काळवंडते आणि बोटाच्या रेघा उठून दिसतात. असली कामं करणाऱ्या एका माणसाला डॉक्टरांनी मंडळातून हाकललं होतं. आता त्यांनी स्वतः अंडं उकडलं. सकाळी झाकण काढलं तर आभाळात तपकिरी अंगठा होता, चांगला मुरलेला, वर्षांपूर्वीचा वाटावा असा. ओरखडेही त्याखाली झाकले गेले होते.

त्यांची स्वतःची नाणी सगळी निर्मळ झाली होती. कुत्रीच्या कानावर काही नाही, अग्निबाणावर काही नाही. दाढेचा ठणका थांबावा तसं त्यांना हलकं वाटलं. ठणका कुठे गेला, हे त्यांनी पाहिलं नाही.

६

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी बाई आल्या. डॉक्टरांनी डबी त्यांच्या हातात दिली आणि भिंग पुढे केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे त्यांना तेव्हा कळलं. बाई किती तरी वेळ वाकून पाहत राहिल्या.

“काय गंमत आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “इतकी वर्षं मला ते चक्र वाटायचं. शंख आहे हो.”

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“डोळे भरलेले असायचे माझे. नीट कुठून दिसणार?” बाईंनी डोळे टिपले आणि त्यांचा हात हातात घेतला. “दुसरा कुणी असता तर चांगलं करायला म्हणून पुसून लख्ख करून दिलं असतं. तुमच्याकडे होतं म्हणून राहिलं.”

“अहो बाई, ते पुसूनका आहेत!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि सगळं दालन हसलं. डॉक्टरही हसले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत असताना माणूस हसतो तसे.

७

“बाबा, हिचा अंगठा फोन घेतच नाही हो.” सून स्वयंपाकघरातून हात पुसत आली. कणीक मळताना भिंगरीने मागे भुणभुण लावू नये म्हणून तिने फोनमध्ये पोरीचाही अंगठा नोंदवून ठेवला होता. “कालपर्यंत उघडत होता. आता लावला की म्हणतो, पुन्हा लावा, पुन्हा लावा.”

“बघू,” डॉक्टर म्हणाले, आणि भिंग घेऊन आले.

भिंगाखाली काही नव्हतं. चक्र नाही, शंख नाही, एकसुद्धा रेघ नाही. चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत अंगठा. त्यांनी तो उजेडाकडे वळवला तर त्यात खिडकी चमकली. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग दुसऱ्या हाताचा अंगठा पाहिला. तो ठीक होता.

“सारखी पाण्यात खेळते ना,” सून म्हणाली. “झिजलं असेल. मलम लावू का?”

“हो. मलम लाव,” डॉक्टर म्हणाले. सुनेचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. घरात डॉक्टर असल्याचा एवढा तरी फायदा, असं ती नेहमी म्हणायची.

८

त्यांनी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं. अब्रू गेली खड्ड्यात, पोरीचा अंगठा परत आणायचा. बाईंना खरं सांगायचं, नाणं मागून घ्यायचं, आणि मग काय करायचं ते करायचं. वाटेत ते एकच वाक्य घोकत राहिले. बाई, मी ते पुसलं. बाई, मी ते पुसलं.

बाईंनी दार उघडलं. चेहरा असा उजळलेला, की ओळखू येईना.

“या ना. बरं झालं तुम्हीच आलात. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.”

घर स्वच्छ होतं, पुस्तकं ओळीने लावलेली. फक्त पुस्तकांच्या कपाटाच्या काचा मळल्या होत्या, तेही खालच्या खालच्या, पोराच्या उंचीपर्यंत. तिथे ठसेच ठसे होते.

“नाणं घरी आलं तेव्हापासून,” बाई कुजबुजल्या. “मी फडकं लावत नाही. आता काही पुसायचं नाही असं ठरवलंय. तुमच्याचकडून शिकले.”

डॉक्टर गुडघे टेकून वाकले. भिंगाची गरज नव्हती. प्रत्येक ठसा शंखाचा होता. तो शंख त्यांनी स्वतःच्या हाताने दाबून दिला होता.

“फक्त अंगठाच आहे बघा,” बाई म्हणाल्या. “बाकीची बोटं नाहीत. अजून.”

आतल्या खोलीत काहीतरी फिरू लागलं. जमिनीवर उभं करून टिचकी मारलेलं नाणं फिरतं तसा आवाज. मंद होत गेला, लडखडला, आडवा झाला. बाई वळल्या नाहीत. त्या नुसत्या कौतुकाने हसल्या, आणि ते हसू पाहून डॉक्टरांना घोकलेलं वाक्य म्हणवेना. हिला सांगायचं? या बाईला, आत्ता, की हे तुझं नाही, माझ्या नातीचं आहे?

दाराचा पडदा हलला. त्याची कड आतून कुणीतरी धरली होती. कापडावर एक अंगठा दिसत होता. तो धरायला धडपडत होता, आणि कड सारखी सुटत होती.

“तुम्हाला काही बोलायचं होतं का?” बाईंनी विचारलं.

“छे, सहजच,” डॉक्टर म्हणाले. “बरेच दिवस गाठ नव्हती म्हणून आलो.” आणि ते चपला नीट न घालताच जिना उतरले.

९

घरी दिवेलागण झाली होती. आत सून कुकर लावत होती. भिंगरी नाण्यांच्या कपाटासमोर शहाण्यासारखी मांडी घालून बसली होती. तिला असं एका जागी बसलेलं डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं.

“आजोबा, किती वेळ लावलात!” तिने उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. “आता हे.”

“हे काय?”

“हे बोट द्यायचं. नुसत्या अंगठ्याने पेन्सिल धरता येत नाही.”

“कुणी सांगितलं तुला?”

भिंगरीने कपाटाकडे पाहिलं, सगळी आभाळं काळी आणि स्वच्छ होती, आणि मग आजोबांकडे पाहिलं. एवढंही कळत नाही का, असं.

डॉक्टरांनी तिचं बोट उजेडात धरलं. त्यावर अजून रेघा होत्या. मध्यावर मात्र त्या विरायला लागल्या होत्या. त्यांनी तिची मूठ वळवली, आपल्या दोन्ही हातांत घट्ट दाबली आणि छातीशी धरली. आता तरी तोंड उघडायला हवं होतं. सून दहा पावलांवर होती, बाईंचा नंबर फोनमध्ये होता, एक वाक्य पुरलं असतं. ते त्यांना पाठ होतं. फक्त त्यासाठी आधी कुणाच्या तरी डोळ्यांत बघून म्हणावं लागलं असतं, की मी केलं. त्यांच्या मुठीत ते बोट हळूच सरकलं, ओल्या साबणाच्या वडीसारखं.

“घाबरू नका ना,” भिंगरी त्यांची समजूत काढत म्हणाली. “दुखत नाही. तेव्हापण नव्हतं दुखलं.”

“बाबा,” सुनेने आतून विचारलं, “काय झालं हो?”

“काही नाही,” डॉक्टर म्हणाले.